त्या नावाचं गाऱ्हाणं तूर्त बंद आहे

ते नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर आमच्या भावकीतले तिन्ही प्रतिष्ठित हा मजकूर आपल्यावरच आहे असं समजून एकाच दिवशी माझ्या दारात उभे राहतील, आणि पहिला चहा कोणाच्या हातात द्यायचा यावरून नवी भानगड सुरू होईल.

तिघांचं नाव एकच आहे. नुसतं नाव नाही, वडिलांचं नाव आणि आडनावही तेच. आमचं गाव रत्नागिरीहून पूर्णगडकडे जाताना खाडीच्या अंगाला आहे. तिथे आमच्या भावकीत थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायचं असा नियम आहे. आजोबांचं जे, ते नातवाचं. बापाचं जे, ते पणजोबांचं. त्यामुळे पिढ्यानपिढ्या दोनच नावं आलटून पालटून चालत आली आहेत, आणि एका पिढीतले सगळे थोरल्यांचे थोरले मुलगे तंतोतंत एकाच पूर्ण नावाचे निघतात. काही घरांत पिढी एका पायरीने पुढेमागे झाली आहे, तिथे दुसरं नाव चालतं, पण तो तपशील सोडतो. मी धाकटा, म्हणून सुटलो. माझा दादा थोरला, म्हणून अडकला.

मला मोजायची सवय आहे, म्हणून मी एकदा मोजलं होतं. या पूर्ण नावाचे हयात पुरुष अकरा. पैकी प्रतिष्ठित तीन. उरलेले आठ कामं करतात.

एवढे अकरा असूनही हाक मारायला गावाला कधी अडचण आली नाही. एक म्हशीवाला, एक बंदरावरचा, एक सड्यावरचा. आमचा दादा गिरणवाला, कारण गावाचं पीठ तो दळतो. नाव घरात पडून असायचं आणि लागेल तेव्हा शाळेच्या दाखल्यापुरतं बाहेर यायचं. अडचण सुरू झाली ती त्या नावाला मान मिळायला लागल्यापासून.

आता तिघांची ओळख करून देतो.

पहिले मंडळवाले. मुंबईतल्या आमच्या ग्रामस्थ मंडळाचे ते अध्यक्ष. त्यांनी गावाला बाकडी दिली. देवळासमोर, शाळेसमोर, एसटीच्या थांब्यावर, आणि प्रत्येक पाठीवर त्यांचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात की बाकडं बसायला कमी आणि वाचायला जास्त. स्मशानातल्या शेडमध्येही एक आहे. घरचं माणूस सरणावर ठेवून आलेल्याला पहिल्यांदा मंडळवाल्यांच्या नावाला पाठ टेकावी लागते.

दुसरे माजी सभापती. पद जाऊन बरीच वर्षं झाली, पण पाटी अजून गाडीवर आहे. त्या पाटीवर ‘माजी’ हा शब्द ‘सभापती’च्या मानाने इतका बारीक काढला आहे, की मी चष्मा बदलला त्या वर्षी तो मला प्रथम दिसला.

तिसरे सर. निवृत्त प्राध्यापक, राहायला रत्नागिरीत. ‘कोकण: काल, आज आणि उद्या’ या विषयावर व्याख्यान देतात. मी ते देवरूखला ऐकलं, चिपळूणला ऐकलं आणि एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून ऐकलं. ‘काल’लाच पाऊण तास लागतो. ‘उद्या’पर्यंत अजून कोणताही श्रोता पोचलेला नाही.

आता गाऱ्हाण्याचं सांगतो. कोणी अडचणीत असला, दूरच्या कामाला निघाला, की देवळात गुरव देवासमोर नारळ धरून त्या माणसाचं नाव घेतो आणि त्याचं म्हणणं देवाला मोठ्याने सांगतो. एकेका वाक्याला जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. देवदिवाळीच्या जत्रेला असली गाऱ्हाणी ओळीने होतात. त्यातलं पहिलं पूर्वापार सगळ्या गावाचं. पाऊस वेळेवर पाड, भात पिकव, आंब्याला मोहर धरू दे, होडी किनाऱ्याला लाव, असं ते असायचं.

दोन वर्षांपूर्वी देवळाचा सभामंडप नवा झाला आणि समितीला वाटलं, गाऱ्हाणंही नवं करावं. सभेत ठराव आला: ‘ज्यांनी गावाचं नाव मोठं केलं, त्या श्रीयुत अमुक अमुक यांच्या नावाने यंदाचं पहिलं गाऱ्हाणं घालावं.’ पूर्ण नाव वाचलं गेलं. मंडळवाल्यांनी मान खाली घातली, नम्र माणूस घालतो तशी. सभापतींनी हात जोडले. सरांनी डोळे मिटले. तिघेही मनापासून संकोचले आणि तिघांनीही हात वर केला. एवढं एकमत मी आमच्या गावात विहिरीच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

समितीचा जमाखर्च मी बघतो, म्हणून मी सभेला होतो. मी उठून विचारलं, “ठराव नेमका कोणाचा?”

गावकार, म्हणजे आमच्या गावचे मुख्य मानकरी, समितीचे प्रमुखही तेच. ते म्हणाले, “नाव वाचलं ना पूर्ण?”

“पूर्ण वाचलंत, म्हणूनच विचारतोय.”

“एकमताने मंजूर झालाय. त्यात आता मोडता घालू नका, भाऊ.”

मागून म्हशीवाला म्हणाला, “माजाच असंल ओ. मी पण हात वर केलेलाय.” सगळे हसले. हसण्यात ठराव पक्का झाला.

आठवड्याभरात नाक्यावर तीन बॅनर लागले. मजकूर एक, नाव एक, फोटो तीन. मंडळवाल्यांचा बॅनर रात्रीत सभापतींच्या बॅनरच्या पुढे आला. सभापतींचा दुसऱ्या दिवशी त्याच्या वर चढला. सरांनी बॅनरबाजीचा निषेध करणारा बॅनर लावला, त्यावर त्यांचा फोटो सर्वांत मोठा होता. तिघांनीही गुरवाकडे आपापला नारळ आगाऊ नेऊन ठेवला. गुरव घाबरला आणि गावकारांकडे गेला. गावकारांनी विचार करून देवळातल्या फळ्यावर खडूने लिहिलं: ‘जत्रेच्या दिवशी कौल होईपर्यंत या नावाचं गाऱ्हाणं तूर्त बंद आहे.’ वर ते पूर्ण नाव.

मान तिघांचा होता आणि बंदी अकरांना लागली. म्हशीवाल्याची म्हैस हरवली होती, तिचंही गाऱ्हाणं अडलं. ती चार दिवसांनी आपण होऊन परत आली, ही गोष्ट वेगळी.

त्याच सुमारास दादाच्या छातीत दुखायला लागलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी कोल्हापूरला पाठवलं. कोल्हापूरच्यांनी सांगितलं, बायपास करावं लागेल, आणि लवकर. दाखल व्हायचा दिवस मिळाला तो नेमका जत्रेचा, संध्याकाळपर्यंत. दुसरी तारीख मागू नका, असं त्यांनी सांगितलं. मागायला माणूस असेलच असं नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला कळलं.

दादा म्हणाला, “गाऱ्हाणं घातल्याबिगर मी जायचा नाय.”

आमचे वडील मुंबईला ऑपरेशनला गेले ते घाईत, गाऱ्हाणं न घालता. परत आले नाहीत. त्यांचं वय, त्यांची साखर, आपण केलेला उशीर, ही सगळी कारणं मी दादापुढे एकामागून एक मांडली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“तुजी कारणं बरोबर असतील रे. पण गाऱ्हाणं घातलं नव्हतं, ता पण बरोबरच ना?”

ते बरोबर होतं. माझा स्वतःचा गाऱ्हाण्यावर विश्वास किती, हा प्रश्न इथे नव्हताच. दादाचा होता, आणि छाती दादाची होती.

मी नारळ घेऊन गुरवाकडे गेलो. “गुरवकाका, दादाचं तेवढं एक घाला. कोणाला कळणारही नाही.”

“भाऊ, गाऱ्हाणं काय कानात सांगतात? मोठ्यान बोलायचा असतो. आणि ता नाव तोंडातनं काढायची मला बंदी हाय. नारळ ऱ्हांवदे हितं.” त्याने माझा नारळ कोपऱ्यातल्या तिघांच्या शेजारी ठेवला. चारही नारळ सारखेच दिसत होते.

गावकारांकडे गेलो. ते म्हणाले, “नियम म्हटला की सगळ्यांना सारखा.”

“मान तिघांना आणि बंदी अकरांना, हे सारखं कसं?”

“भाऊ, तुमच्या हिशेबाने देव चालत नाही.”

मंडळवाल्यांना मुंबईला फोन केला. ते आपुलकीने म्हणाले, “अरे, माझी काय हरकत असणार? दादा काय परका आहे? पण एकदा त्या नावाचं गाऱ्हाणं झालं, की समोरची पार्टी म्हणणार, झालं पहिलं. मग मी मंडळाला काय तोंड दाखवू? दोन बस भरून माणसं येतायत.”

सभापतींनी माझ्या खांद्यावर हात टाकला. “दादाची काळजी तुम्ही सोडाच. माझं गाऱ्हाणं झालं, की त्यातच दादाचं आलं. नाव तेच ना? देव काय आधारकार्ड बघतो?”

“मग दादाचंच घालू या. त्यात तुमचं येईल.”

त्यांनी हात काढून घेतला.

सरांकडे जायची खरं तर गरज नव्हती, पण एक राहिला असं मला नको होतं. सर म्हणाले, “मुळात नाव म्हणजे काय? एक संकेत. माणूस त्यापलीकडे असतो. आपल्या समाजाला हे कधी कळणार?”

“मग सर, तुम्ही तरी हा मान सोडून द्या.”

“मानाचा प्रश्नच नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे,” असं म्हणून ते ‘काल’वर आले. मी अर्ध्या तासाने निघालो.

जत्रेच्या सकाळी दादा अंघोळ करून, नवा शर्ट घालून देवळात येऊन बसला. गाडी बाहेर उभी केली होती. वहिनीने हॉस्पिटलची पिशवी गाडीत ठेवली आणि ती खांबाला टेकून उभी राहिली. आंबा घाटाला कितीही कमी वेळ धरला, तरी दुपारच्या आत निघायला हवं होतं. एकदा कौल झाला, पहिलं गाऱ्हाणं कोणाचं ते ठरलं, की बंदी उठणार आणि लगेच दादाचं घालून निघायचं, असा आमचा बेत होता.

कौल आमच्याकडे असा असतो: गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो आणि देवाला प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण विचारायचं काय? नाव घेऊन विचारावं तर तिघांचं एकच. मग तिघांनीही आपल्याला वेगळं ओळखता यावं म्हणून पदव्या लिहून आणल्या होत्या. गुरव बिचारा कागद धरून वाचायला लागला. “बा म्हाराजा, उद्योजक, समाजभूषण, मंडळाचे संस्थापक सदस्य नि विद्यमान अध्यक्ष...”

“‘दानशूर’ राहिलं,” मंडळवाल्यांनी मागून सांगितलं.

“दानशूर. ह्यांचा पयला गाऱ्हाणा घालायचा काय?”

कळ्या जागच्या हलल्या नाहीत. मग सभापतींचं वाचून झालं, त्यात ‘माजी’ हा शब्द नव्हता. सरांच्या कागदाला तर मागची बाजूही होती. देव गप्प. कळ्या ताज्या लावल्या, पुन्हा तिघांचं वाचलं. देव गप्पच. मुंबईहून आलेल्या बसमधली माणसं आळीपाळीने बाहेर जाऊन भजी खाऊन येत होती. गाडीवाला दारात येऊन मला घड्याळ दाखवून गेला. दादाच्या कपाळावर घाम होता आणि त्याने तळवा छातीवर ठेवला होता. दुखतंय का, असं विचारलं तर नाही म्हणाला.

मी गावकारांना म्हटलं, “याला निघायला हवं. मध्येच याचं घालू द्या.”

“कौल लागलेला असताना ते नाव मध्ये कसं घ्यायचं? उद्या तुम्हीच म्हणाल, गोंधळ झाला.”

तेव्हा वहिनी खांब सोडून पुढे आली. ती आमच्या घरात आल्यापासून मी तिला चारचौघांत आवाज चढवताना पाहिलेलं नाही. तेव्हाही तिने चढवला नाही.

“गुरवकाका, नाव घ्यायला बंदी हाय ना? मग नका घेऊ.”

“अगो, मग देवास कळायचा कसा कोणाचा ता?”

“मला कळतं ना? लग्नातल्या उखाण्यानंतर मी तरी कुठं घेतलंय त्यांचं नाव? एवढा संसार झाला. काय अडलं?”

गावकार म्हणाले, “पण हे नियमात...”

मी फळ्याकडे बोट केलं. “बंदी नावाला आहे. माणसाला नाही. तुमचंच अक्षर आहे, वाचा.”

ते वाचायला वळले. तेवढ्यात गुरवाने कोपऱ्यातला हाताला लागेल तो नारळ उचलला. पदव्यांचे कागद त्याने पायरीवर ठेवले, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याचा आवाज नेहमीसारखा सुटला.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सवयीने सगळे म्हणाले.

“आज ही तुजी लेक तुज्या दारात उभी हाय. तिचा मालक कोल्हापुरास चाललाय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“त्येच्या काळजाचं दुखणं हाय. ज्येनं गावास पीठ दळून दिलान, त्येची वाट सोपी कर. डाक्तराच्या हाताला यश दे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“जसा जातोय तसा चालत घरास आण. काय चुकलंमाकलं असंल तर पोटात घाल, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या शेवटच्या आरोळीत मला तिघांचेही आवाज वेगळे ऐकू आले. गाऱ्हाण्याला ‘व्हय’ म्हणायची लहानपणची सवय पदव्यांखाली अजून शिल्लक होती. सरांचा आवाज तर सर्वांत खणखणीत.

नारळ फुटला. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी मूर्तीच्या उजव्या खांद्यावरची कळी पडली. सकाळपासून सुकत आली होती, पडायचीच होती, असं माझं मत आहे. दादाचं मत वेगळं आहे.

“उजवी! उजवी दिली!” मंडळवाले ओरडले.

“कोणाला दिली? शेवटचा प्रश्न आमचा होता,” सर म्हणाले.

“नारळ कोणाचा फुटला ते बघा आधी,” सभापती म्हणाले. “ती शेंडी माझ्या नारळाची आहे.”

सगळे नारळाच्या शेंडीभोवती जमले. दादाला हाताला धरून मी बाहेर आणलं, वहिनी मागोमाग आली, आणि गाडी निघाली. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दाखल व्हायला आम्ही वेळेत पोचलो. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं, की आणखी थांबला असतात तर सांगता आलं नसतं. मी त्यांना फळ्याचं सांगितलं नाही. दुसऱ्या शहरातल्या माणसाला ते समजावून सांगणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

दादा तिकडे असताना इकडे काय झालं, ते मला म्हशीवाल्याने फोनवर सांगितलं. संध्याकाळपर्यंत वाद चालला. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, की गिरणवाल्याचं गाऱ्हाणं सकाळी होऊन गेलं, म्हणजे यंदाचं पहिलं तेच. आता दुसऱ्या कोणाचंही घातलं तरी ते दुसरंच. त्यातून गावकारांनी वाट काढली. त्यांनी समितीच्या इतिवृत्तात लिहिलं: ‘ठरावाप्रमाणे यंदाचं पहिलं गाऱ्हाणं श्रीयुत अमुक अमुक यांचं झालं. देवाने उजवा कौल दिला.’ पूर्ण नाव. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मी जमाखर्च तपासताना ते पुन्हा वाचलं, आक्षेप घ्यायला जागा नाही. तिघांनी एकेक करून येऊन ते पान वाचलं, तिघांचंही समाधान झालं, आणि तिघांनीही त्याचा फोटो काढून घेतला.

दादाला घेऊन परत आलो तेव्हा नाक्यावर नवा बॅनर होता. ‘पहिल्या गाऱ्हाण्याचे मानकरी’ अशी ठळक ओळ, खाली ते नाव एकदाच, आणि वर शेजारी शेजारी तीन हसरे फोटो. या वेळी खर्च वाटून घेतला असावा. गिरणीचा किंवा गिरणवाल्याचा कुठे उल्लेख नव्हता. योगायोगाने तिघेही कसल्याशा उद्घाटनाला आलेले, बॅनरखालीच माणसांत उभे होते.

दादाने गाडी थांबवायला सांगितली. काच खाली करून त्याने बॅनर नीट पाहिला.

“बरं झालं,” तो म्हणाला. “ह्या तिघांचं पण बायपास नीट झालेलं दिसतंय.”

मला हसू आवरलं नाही. वहिनीने दोघांनाही दटावलं. दादा खाली उतरला, थोडं चालतो म्हणाला, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. उतरताना त्याने हॉस्पिटलची पिशवी उचलून खांद्याला लावली आणि तो गर्दीतून पुढे निघाला.

वहिनी गाडीतूनच ओरडली, “अहो! वजन उचलायचं नाय सांगितलंय ना? ठेवा ती पिशवी!”

एवढ्या माणसांत एकटाच थांबला.